छत प्रेक्षकांवर हवं, खेळावर नको

१९६५ साली अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये ॲस्ट्रोडोम हे घुमटाचं बंद स्टेडियम सुरू झालं, तेव्हा त्याच्या घुमटात हजारो पारदर्शक तावदानं होती. आत खरं गवत लावलं होतं आणि गवताला ऊन लागतं, म्हणून ही तजवीज. पण दिवसाच्या सामन्यात उंच उडालेला बेसबॉल त्या लखलखणाऱ्या छताखाली क्षेत्ररक्षकांना दिसेचना. मग तावदानांना रंग फासला. चकाकी गेली, तिच्याबरोबर ऊनही गेलं आणि गवत मेलं. उरलेला मोसम मेलेल्या गवतावर हिरवा रंग मारून काढला आणि १९६६मध्ये तिथे प्लास्टिकचं गवत अंथरलं. छत घातलं होतं पावसासाठी आणि उकाड्यासाठी. बदलली ती पायाखालची जमीन.

आज साठ वर्षांनंतरही नवं स्टेडियम बांधायचं म्हटलं की चर्चा तिथेच अडकते: उघडं की बंद? जणू दोनच पर्याय आहेत, एकात हाल आणि दुसऱ्यात आराम. माझं मत असं, की या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत झाली आहे. प्रेक्षकाला आडोसा देणं ही एक गोष्ट आणि खेळाला आभाळापासून तोडणं ही दुसरी. पहिली झालीच पाहिजे, आणि आज होते त्यापेक्षा कितीतरी नीट झाली पाहिजे. दुसरी फक्त तिथेच करावी, जिथे हवामानापुढे खेळच होऊ शकत नाही. बाकी सगळीकडे खुर्च्या झाकाव्यात आणि मैदान उघडं ठेवावं. विशेषतः पैसा सार्वजनिक असेल तेव्हा.

सुरुवात आवाजापासून करू, कारण बंद स्टेडियमच्या बाजूने सगळ्यात जास्त वेळा तोच मुद्दा पुढे येतो. 'छताखाली गर्दी दुप्पट गरजते' असं म्हणतात. पण स्टेडियममधल्या गर्दीच्या आरोळीचा १४२.२ डेसिबलचा विश्वविक्रम २९ सप्टेंबर २०१४ रोजी कॅन्सस सिटीच्या ॲरोहेड स्टेडियममध्ये झाला, आणि ॲरोहेडला छतच नाही. आवाज घडतो तो बैठकीच्या रचनेतून. रांगा मैदानाच्या किती जवळ आहेत, उतार किती खडा आहे, कोपरे भरलेले आहेत की मोकळे, स्टँडवरच्या छपराचा खालचा पृष्ठभाग कडक आहे की मऊ, आणि ते कुठल्या कोनात कललं आहे, यावर सगळं ठरतं. स्टँडचं छप्पर मैदानाकडे उंचावत गेलं, की मागच्या रांगांचा आवाज त्याच्यावर आपटून पुढे खेळाकडे जातो. खेळाडूला तो समोरून येऊन भिडतो.

पूर्ण घुमटाखाली आवाज वाढतो हे खरं, पण त्याचा लगदाही होतो. हिशेब सोपा आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. समोरची भिंत २०० मीटरवर असेल तर तुमची टाळी तिच्यावर आदळून परत यायला जवळजवळ १.२ सेकंद लागतात. एका बाजूने सुरू झालेला घोष दुसऱ्या बाजूला पोचेपर्यंत त्याचा ठेका मोडलेला असतो. वर छताकडून आणखी एक प्रतिध्वनी येतो. लोक एका तालात गाऊ शकत नाहीत, नुसता गोंगाट उरतो. निवेदकाचं तर काहीच कळत नाही. त्यावर उपाय म्हणून मध्यभागी एक मोठा ध्वनिक्षेपकांचा झुबका टांगण्याऐवजी छताच्या कडेने लहान लहान ध्वनिक्षेपक लावतात आणि प्रत्येकाला अंतराप्रमाणे विलंब देतात, ३४ मीटरला एक दशांश सेकंद या हिशेबाने. हे केलं तर बोललेलं समजतं. नाही केलं, तर आणीबाणीत बाहेर पडण्याची सूचनाही 'वॉव वॉव' अशीच ऐकू येते, आणि हा सुरक्षेचा प्रश्न आहे. छत ईटीएफई नावाच्या पातळ, पारदर्शक प्लास्टिकच्या पडद्याचं असेल तर आतला बराच आवाज त्यातून निसटून जातो. म्हणजे ते छत ध्वनीच्या दृष्टीने अर्धं उघडंच असतं. मात्र जोरदार पावसात तोच पडदा ढोलासारखा वाजतो.

आता पाऊस. इथे उघड्या स्टेडियमच्या बाजूने बोलणाऱ्यांनी प्रामाणिक राहायला हवं, कारण 'झाकलेली आसनं' म्हणून विकलेल्या कितीतरी आसनांवर प्रेक्षक ओलेचिंब होतात. चूक असते ती नकाशात. छपराची पागोळी, म्हणजे जिथून पाणी गळतं ती कड, पहिल्या रांगेच्या बरोबर वर आणून सोडतात आणि कागदावर लिहितात: सर्व आसनं आच्छादित. जणू पाऊस नेहमी सरळच पडतो.

छपराची कड पहिल्या रांगेपासून २० मीटर उंच आहे असं धरा. बैठकीचा उतार २५ अंश, प्रत्येक रांग ८० सेंटिमीटर खोल. मध्यम थेंब सेकंदाला साधारण साडेसहा मीटर वेगाने खाली येतो. समोरून सेकंदाला ५ मीटर वारा आहे. म्हणजे वादळ नाही, पावसाळी दिवसाची साधी झुळूक. तेवढ्यानेही सर इतकी तिरपी होते की ती आत ११ मीटरपर्यंत पोचते. चौदा रांगा भिजल्या, आणि बहुतेक ठिकाणी त्याच सगळ्यात महागड्या असतात. तीच कड मैदानाकडे ५ मीटर पुढे काढली, तर नऊ-दहा रांगा भिजतात. उंची कमी केली तर आणखी वाचतात. पण उंची कमी केली की वरच्या मजल्याच्या शेवटच्या रांगेतल्या माणसाला उंच उडालेला चेंडू दिसत नाही, कारण तो छपराच्या कडेआड जातो. क्रिकेटमध्ये आणि बेसबॉलमध्ये हे अक्षम्य आहे. फुटबॉलमध्ये गोलरक्षकाची लांब किक काही क्षण नाहीशी होते. या ओढाताणीतून वाट काढणं हेच खरं स्टेडियम बांधणाऱ्याचं काम. पूर्ण घुमट घालणं म्हणजे हे काम टाळून खर्च करणं, असं मला वाटतं.

दिसण्याचा मुद्दा निघालाच आहे तर आणखी थोडं. पुढच्या माणसाच्या डोक्यावरून किती मोकळी दृष्टी मिळते ते मिलिमीटरमध्ये मोजतात. ६० म्हणजे जेमतेम, ९० चांगलं, १२० उत्तम. ही मोकळीक वाढवायची तर प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा थोडी जास्त उचलावी लागते, सगळी बैठक उंच होते आणि शेवटचा प्रेक्षक वर आणि लांब जातो. फुटबॉलसाठी मैदानाच्या दूरच्या कोपऱ्यापासून १९० मीटर ही कमाल मर्यादा मानतात, कारण त्यापुढे चेंडू डोळ्याला नीट सापडत नाही. स्टेडियम उघडं असो वा बंद, या आकड्यांपासून सुटका नाही. प्रेक्षकाचा अनुभव ठरवण्यात पहिला हात यांचा आहे. छताची चर्चा करताना लोक हे विसरतात आणि मग भव्य घुमटाखाली बसून पडद्यावर सामना पाहतात.

उकाड्याकडे वळू. बंद जागेत पन्नास हजार माणसं बसली, की ती स्वतःच एक भट्टी असते. शांत बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता सोडतो. पन्नास हजारांची झाली ५० लाख वॅट. शिवाय श्वासातून आणि घामातून तासाला माणशी ५० ग्रॅम बाष्प धरलं, तर तासाला अडीच टन पाणी हवेत चढतं. ते बाहेर काढलं नाही तर थंड काचेवर, लोखंडी तुळयांवर आणि गवतावर साचतं. गरम हवा वर जाते, त्यामुळे स्वस्त तिकिटाचा, सगळ्यात वरचा प्रेक्षक सगळ्यात जास्त उकडतो. चांगल्या रचनेत गार हवा वरून सोडत नाहीत. आसनाखालच्या पायरीतून हळूच सोडतात, म्हणजे ती माणसाभोवती थांबते आणि तापून वर निघून जाते. सिंगापूरच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये आणि कतारच्या विश्वचषकाच्या बहुतेक स्टेडियममध्ये हेच तत्त्व वापरलं. कतारचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं, कारण तिथल्या अनेक स्टेडियमचं आभाळ उघडंच होतं. गार हवा जड असते. वाटीच्या आकारात ती तळाशी साचून राहते, फक्त बाहेरचा गरम वारा आत घुसू नये असा छपराचा घाट हवा. वीज खूप लागते हे मान्य. पण प्रेक्षकाला गारवा द्यायला आभाळ बंद करावंच लागतं, हा समज तिथे खोटा ठरला.

विम्बल्डनचं सेंटर कोर्ट हा याच गोष्टीचा सगळ्यात बारकाईने सांभाळलेला नमुना. २००९मध्ये तिथे सरकतं छत आलं. मिटायला दहा मिनिटांपर्यंत लागतात. पण खेळ लगेच सुरू होत नाही, आणखी अर्ध्या तासाच्या आसपास थांबावं लागतं. ओलं गवत आणि पंधरा हजार माणसांचा श्वास एकाच बंद जागेत आला, की दमटपणा वाढतो आणि गवत निसरडं होतं. आतली हवा यंत्रांनी कोरडी करून स्थिर केल्यावरच खेळाडू पाऊल टाकतात. इतकं करूनही बंद छताखाली चेंडूचा आवाज वेगळा येतो, वारा नसल्यामुळे सर्व्हिस अधिक नेमकी पडते आणि सामन्याचा तोल बदलतो. दोन सेट उघड्यावर आणि तीन सेट छताखाली झाले, तर प्रेक्षकाने एका तिकिटात दोन वेगळे सामने पाहिले म्हणायचे. अपवाद म्हणून हे चालतं. त्याची रोजची सवय होऊ नये, असं मला मनापासून वाटतं.

खेळाचं आणि छताचं सगळ्यात उघड भांडण चेंडू छताला लागतो तेव्हा दिसतं. मेलबर्नच्या डॉकलँड्स स्टेडियममध्ये छत सुमारे ३८ मीटर उंच आहे. टेनिसला किंवा फुटबॉलला ते पुरेसं, पण क्रिकेटला नाही. जानेवारी २०२३मध्ये बिग बॅश लीगच्या एकाच सामन्यात दोन चेंडू छतावर आपटले आणि त्या वेळच्या नियमानुसार दोन्हींना षटकार दिले गेले. दोन्ही फटके जवळपास सरळ वर गेले होते. ते खाली आले असते तर झेल होण्याचीच शक्यता जास्त होती. टीका झाली आणि ती रास्तच होती. २००९मध्ये अमेरिकेतल्या डॅलसजवळच्या नव्या स्टेडियममध्ये अमेरिकी फुटबॉलच्या पहिल्याच सराव सामन्यात किक थेट मैदानावर टांगलेल्या महाकाय पडद्याला लागली. त्याच स्टेडियममध्ये २०२४च्या नोव्हेंबरात, छत असूनही, पश्चिमेच्या काचेच्या भिंतीतून कललेलं ऊन आत आलं आणि खेळाडूच्या डोळ्यांवर येऊन त्याच्याकडे आलेला पास हुकला. मैदानाचा लांब अक्ष उत्तर-दक्षिण ठेवायचा, हा जुना साधा नियम मोडला की संध्याकाळचं ऊन गाठतंच. छत असल्यामुळे तो नियम मोडायची मुभा मिळते असं रचनाकारांना वाटतं, ती मिळत नाही.

गवताची कथा मात्र सुरस आहे, कारण माणसाने बंद जागेत खरं गवत ठेवण्यासाठी काय काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९९४च्या फुटबॉल विश्वचषकासाठी पॉन्टियॅकच्या सिल्व्हरडोममध्ये षटकोनी ताटांमध्ये वाढवलेलं गवत आणून जोडलं. जर्मनीतल्या गेल्सेनकिर्खनच्या स्टेडियममध्ये २००१पासून सुमारे ११,००० टन वजनाचं अख्खं मैदान सरकून बाहेर उन्हात जातं. जपानमधल्या साप्पोरोमध्ये ते हवेच्या दाबाने किंचित उचलून चाकांवर आत आणतात. ॲरिझोनातल्या ग्लेन्डेलमध्येही मैदान एका ताटात आहे, रुळांवरून ये-जा करतं. न्यूझीलंडमधल्या डुनेडिनने २०११मध्ये वेगळी वाट काढली. कायमचं पारदर्शक छत, त्याखाली जमिनीतलंच गवत, आणि ते जगतं. तिथलं हवामान थंड, स्टेडियम लहान, छताचा पडदा उजेड आत सोडणारा, म्हणून जमलं. सिंगापूरने २०१४मध्ये ३१० मीटर व्यासाचा घुमट उभारला, तेव्हा उष्ण, दमट सावलीत गवत धरेना. पहिल्याच वर्षी वाळू वर आलेल्या मैदानावर आंतरराष्ट्रीय सामने झाले आणि पुढे दुसऱ्या प्रकारचं गवत आणि वाढीसाठी दिव्यांचे ताफे आणावे लागले. उघड्या स्टेडियमचीही यात सुटका नाही. स्टँडची छपरं जितकी पुढे येतात तितकी मैदानाची एक बाजू सावलीत जाते, हिवाळ्यात तर दिवसभर. म्हणून आज मोठ्या उघड्या मैदानांवरही चाकांवरचे दिवे फिरवतात. पागोळी पाच मीटर पुढे काढा असं मी वर म्हटलं, त्याची ही किंमत आहे आणि ती द्यावी.

मग छत पडतं तेव्हा काय? हा प्रश्न लोक विचारत नाहीत, कारण उद्घाटनाच्या दिवशी तो अशुभ वाटतो. मिनियापोलिसच्या मेट्रोडोमचं छत हवेच्या दाबावर तरंगणारं होतं. दाब टिकावा म्हणून फिरते दरवाजे ठेवले होते. १२ डिसेंबर २०१० रोजी बर्फाच्या ओझ्याने ते फाटलं, कोणाला इजा झाली नाही हे नशीब. मॉन्ट्रियलचं ऑलिंपिक स्टेडियम १९७६चं, पण त्याचं छत १९८७मध्ये आलं, वारंवार फाटलं, नंतरचं छत १९९९मध्ये बर्फाने फाटलं आणि २०२४मध्ये नव्या छतासाठी ८७ कोटी कॅनेडियन डॉलर जाहीर झाले. म्हणजे करदाते पन्नास वर्षांनंतरही एका छतासाठी पैसे मोजत आहेत. फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गच्या ट्रॉपिकाना फील्डचं छत ऑक्टोबर २०२४च्या चक्रीवादळाने फाटलं. पावसापासून वाचण्यासाठी बांधलेल्या घुमटाचा संघ पुढचा पूर्ण मोसम शेजारच्या शहरात उघड्या मैदानावर खेळला.

आग आणि धुराचंही तसंच. इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला ११ मे १९८५ रोजी लाकडी स्टँडच्या छपराखाली आग काही मिनिटांत पसरली आणि ५६ माणसं गेली. तिथे मैदान उघडं होतं म्हणून पुढच्या बाजूने उड्या टाकून कितीतरी लोक वाचले. स्टेडियम रिकामं होण्याला आठ मिनिटं ही ब्रिटिश सुरक्षा मार्गदर्शिकेतली मर्यादा आहे, आणि आगीचा धोका जास्त असेल तिथे ती आणखी कमी धरतात. बंद छताखाली धूर बाहेर काढायची यंत्रणा वेगळी, पंखे वेगळे, त्यांची चाचणी वेगळी. हा खर्च उद्घाटनाच्या आकड्यात असतो, पुढच्या तीस वर्षांच्या देखभालीत मात्र तोच आधी कापला जातो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. जानेवारी २०१४मध्ये मेलबर्नला पारा चाळिशीच्या वर गेला तेव्हा बाहेरच्या कोर्टांवर टेनिस थांबलं आणि छत असलेल्या कोर्टांवर चालू राहिलं. अमेरिकेतल्या आर्लिंग्टनमध्ये १९९४चं चांगलं बेसबॉल स्टेडियम असताना शेजारी २०२०मध्ये सरकत्या छताचं नवं बांधलं, मुख्य कारण उन्हाळा. चाकाच्या खुर्चीवरच्या, वृद्ध, आजारी प्रेक्षकाला 'खुल्या आभाळाची मजा' सांगणं निर्दयपणाचं आहे. दुरून प्रवास करून आलेल्याला सामना होणारच याची खात्री हवी असते, तीही रास्त. अशा ठिकाणी सरकतं छत असावं. पण मग ते कधी मिटणार, हा निर्णय कोणाचा आणि कधी, हे तिकीट घेणाऱ्याला आधी कळलं पाहिजे. अमेरिकी फुटबॉलमध्ये यजमानाला सामन्याच्या ९० मिनिटं आधी ठरवावं लागतं. कार्डिफच्या रग्बी सामन्यांत बराच काळ दोन्ही संघांची संमती लागे. दोन्ही पद्धतींत खेळाडूंचा विचार आहे, प्रेक्षकाचा नाही. आदल्या दिवशी सकाळी अंदाज जाहीर करावा आणि फक्त खऱ्या धोक्यातच तो बदलावा, एवढं तरी व्हावं.

आणि 'छत आहे' या शब्दांवर विसंबू नये. लॉस एंजेलिसजवळच्या सोफाय स्टेडियमला २०२०पासून पारदर्शक छत आहे, बाजू मात्र उघड्या. २०२१मध्ये विजा चमकल्या म्हणून तिथे सामना उशिरा सुरू झाला. सॅन फ्रान्सिस्कोचं कँडलस्टिक पार्क याच्या उलट. वाऱ्याने हैराण झालेलं ते मैदान १९७१च्या सुमारास चारी बाजूंनी स्टँड बांधून वेढलं, तर वारा थांबायचा सोडून आत भोवऱ्यासारखा फिरू लागला.

म्हणून एखाद्या शहराने स्टेडियमला मंजुरी देताना रंगीत चित्र पाहू नये, उभा छेद, म्हणजे स्टेडियम उभं कापून दाखवणारा आराखडा, मागावा. त्यावर त्या जागी खेळाच्या मोसमात जिकडून वारा येतो तिकडून, सेकंदाला ५ मीटर वेगाने, पावसाची तिरपी रेघ आखून घ्यावी आणि भिजणाऱ्या रांगा मोजाव्यात. शेवटच्या रांगेतून छपराच्या कडेपर्यंत दुसरी रेघ काढावी आणि तिच्या वर गेलेला चेंडू किती वेळ दिसणार नाही ते विचारावं. सामन्याच्या वेळी मैदानाचा कुठला भाग उन्हात आणि कुठला सावलीत, याचा तासागणिक नकाशा मागावा. ध्वनिक्षेपकांचा आराखडा स्थापत्याच्या आराखड्याबरोबरच मागावा, नंतर नाही. घुमटाचा प्रस्ताव असेल तर तीस वर्षांच्या देखभालीचा आकडा बांधकामाच्या आकड्याच्या शेजारी त्याच पानावर लिहून घ्यावा, आणि मग हात वर करावा.